मुकादमाचा खोकला

२ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. म्हणून ही वही. नाहीतर मी कशाला लिहायला जाते! शाळा सुटली तसं माझं लिहिणंही सुटलं. पुढे पोत्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या असतील, तेवढंच.

चार डब्या आहेत. लवंग, वेलदोडा, मिरी आणि लिंबाची सुकी साल. सकाळी उठल्याबरोबर एकेक डबी नाकाशी धरायची, डोळे मिटून तो वास आठवायचा आणि काय जाणवलं ते लिहायचं. तर आज: लवंग, काही नाही. वेलदोडा, काही नाही. मिरी, नुसती झिणझिण, पण ती वासात धरायची नाही असं डॉक्टर म्हणतात. लिंबू, काही नाही.

सप्टेंबरातल्या त्या तापाने माझं नाक नेलं. ताप गेला, अंगदुखी गेली, जाताना वास बरोबर घेऊन गेली. डॉक्टर मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाचा गाठला, कुणी ओळखीचं भेटायला नको. "परत येईल, कदाचित येणार नाही," म्हणाला. एवढं तर आमची मांजरही सांगू शकली असती.

मी शिक्षिका असते, शिंपीण असते, तर एवढ्याने काही बिघडत नव्हतं. वास नाही आला तर नाही आला, निदान गटारापाशी सुख. पण आमचा धंदा मसाल्याच्या मालाचा. नवरा हिशेब बघतो, मुकादम पोती बघतो आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा हे मी ठरवते. बाजारात म्हणतात, त्या बाईच्या नाकाखालून गेलेलं जिरं डोळे मिटून घ्या. अशा बाईने कुणाला आणि काय सांगायचं? म्हणून सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सुनेला नाही, आणि बंदरावर नोकरीला असलेल्या मुलाला तर नाहीच नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही.

वही शिवणयंत्राच्या खणात ठेवणार. ते यंत्र माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

५ जानेवारी

डब्या: काही नाही.

एवढे महिने कसं निभावलं ते लिहून ठेवते, पुढे वाचून हसायला होईल. दोन माणसांच्या जिवावर निभावलं, आणि गंमत म्हणजे त्या दोघांना त्याचा पत्ता नाही.

पहिला आमचा मुकादम. माणूस सोन्यासारखा, पण त्याला हल्ली खोकला जडलाय. आणि माझ्या लक्षात काय आलं, की पोतं कुबट असलं, आतून दमट असलं, की हा खोकतो. चांगल्या पोत्याशी शांत उभा राहतो. बुरशीची धूळ घशात जात असणार त्याच्या. मग काय विचारता! नमुना ओंजळीत घ्यायचा, चोळायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि कान द्यायचा मुकादमाकडे. खोकला, की "हे बाजूला काढा." नाही खोकला, की "चढवा गाडीत." वर तोच बिचारा मान डोलावतो, "बाई, तुमचं नाक म्हणजे नाक."

दुसरी आमची सून. मुलगी गुणाची, पण तोंडाला झाकण नाही. पूर्वी अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा चार शब्द बोलायची त्यातले दोन गिळायची. आता मी पोत्याशी उभी राहिले की ही मागून सुरू. "आई, ह्याला जरा खवट वास येतोय ना?" नाहीतर, "अगंबाई, ह्या धण्यांत गेल्या वर्षीचे मिसळले की काय?" सगळं ओकून मोकळी होते. मी आपली गंभीर चेहरा करून म्हणते, "हं. तुला कळायला लागलंय थोडं थोडं." ती खूश, मी खूश.

हेही बदललेत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाण्याचा पेला हाताने घेतला नाही, तो सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतो. "दूध लागतंय वाटतं." "गॅसचं बटण नीट फिरलं नाही बघ." उतारवयात पुरुष बायकोच्या मागे मागे करतात म्हणतात, ते हेच असावं. मला अडचण होते, पण बरंही वाटतं, खोटं कशाला बोला.

९ जानेवारी

आज जेवताना ह्यांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपण निर्यातीचा परवाना काढायचा."

आमचं जिरं परदेशी जातच असतं, पण दुसऱ्याच्या नावाने. मोठा निर्यातदार आमच्याकडून घेतो, पोती त्याची, शिक्का त्याचा, आणि तिकडच्या लोकांना वाटतं की माल त्याने पारखला. आता तिकडच्या एका व्यापाऱ्याने चौकशी करून आम्हाला थेट विचारलंय. ह्या हंगामाचं जिरं तुमच्याकडूनच घेतो, मात्र फेब्रुवारी संपायच्या आत सरकारी परवाना हातात हवा. नसेल तर तो आपला जुन्या वाटेने जाणार.

"एकदा पोत्यावर आपलं नाव बघू दे," हे म्हणाले, "मग मी काही मागणार नाही."

असं ते दर दोन वर्षांनी कशाबद्दल तरी म्हणतात. पण ह्या वेळी आवाज वेगळा होता. मी हो म्हणायच्या आत उठून आतून पत्र्याचा छाप घेऊन आले. आमच्या नावाची अक्षरं कापून तयार! अर्ज तेवढा पाठवलेला, परवान्याचा पत्ता नाही, आणि छाप हजर. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

सुनेने विचारलं, "बाबा, अर्जात परीक्षक म्हणून कुणाचं नाव घातलंत?"

"कुणाचं म्हणजे? हिचंच. दुसरं कुणाचं घालणार?"

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. हेही एकदम गप्प झाले. दोघांनाही माझा अभिमान वाटला असावा. घरच्यांचा अभिमान असाच असतो, तोंडाने कुणी बोलत नाही.

१७ जानेवारी

डब्या बघायला वेळ झाला नाही. आज परवाना कार्यालयाच्या तपासनीस बाई येऊन गेल्या.

आठवडाभर गोदाम घासत होतो. खिडक्यांना जाळ्या लावल्या, दिव्यांना काचेची झाकणं घातली, पोती भिंतीपासून हातभर पुढे ओढली, खाली लाकडी फळ्या. माणसांना डोक्याला टोप्या. मुकादमाच्या टोपीत कान मावेनात. आत घातले की टोपी वर सरकायची, टोपी ओढली की कान बाहेर. शेवटी म्हणाला, "बाई, कान असू देत बाहेर, कान काय गळून जिऱ्यात पडणार आहेत?"

बाई तरुण, माझ्या सुनेएवढी. आवाज मऊ, पण नजर अशी की कोपऱ्यातली मुंगी चुकायची नाही. फळ्या मोजल्या, जाळ्यांना बोट लावून पाहिलं, मुकादमाच्या कानांकडेही बघून घेतलं. मग म्हणाल्या, "गोदाम चांगलं आहे. आता परीक्षकाची परीक्षा राहिली."

मी म्हटलं, "कसली परीक्षा?"

तर म्हणे, अर्जात ज्याचं नाव आहे त्याने कार्यालयात यायचं, एकट्याने आत बसायचं. डोळ्यांवर पट्टी. समोर दहा झाकलेले पेले. हात लावायचा नाही, नुसता वास घ्यायचा आणि आत काय आहे, ताजं की जुनं, ते सांगायचं. आठ बरोबर आले तर परवाना, नाहीतर वर्षभराने पुन्हा अर्ज. आमची तारीख बारा फेब्रुवारी.

"तुम्हाला काय, तुमचे दहाच्या दहा येतील," बाई हसून म्हणाल्या. "तुमचं नाव ऐकून आहोत आम्ही."

मीही हसले. मुकादम खोकला. तिथे तर पोतं नव्हतं.

१८ जानेवारी

लवंग, काही नाही. वेलदोडा, काही नाही. मेल्या सालीला लिंबाचा वास नको का यायला!

चिमटीत घेऊ दिलं असतं तर जिरं कसं वाळलंय ते बोटांना कळतं. डोळे उघडे ठेवू दिले असते तर रंगावरून निम्मं सांगितलं असतं. हे म्हणजे हात बांधले, डोळे बांधले आणि जे नाही तेवढंच मोकळं सोडलं. सर्दी झाली म्हणून तारीख बदलून घ्यावी, तर तोवर तो व्यापारी निघून जाणार. आणि सर्दी पाच महिने कुणाला होते?

लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे. मला परीक्षेचं तेवढं वाईट वाटत नाही. गोदामाचं वाटतं. सकाळी कुलूप काढून दार ढकललं की सगळा वास एकदम अंगावर यायचा, जिरं, मिरी, तागाची पोती, सगळं एकत्र. दिवस तिथून सुरू व्हायचा माझा. आता नुसतं दार उघडतं. फार वाईट वाटतं त्याचं.

२२ जानेवारी

डब्या: काही नाही. मात्र लवंग अजून काळीभोर आणि तेलकट आहे. इतके दिवस उघडझाक चालू आहे, तरी कालच्या पोत्यातून काढल्यासारखी. माल आमचाच, मग काय!

आज मन खाऊ लागलं. मुकादमाचा खोकला माझ्या सोयीचा आहे म्हणून मी इतके दिवस त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही. स्वतःच्या नाकासाठी दुसऱ्याच्या छातीचं वाटोळं! दुपारी स्वतः जाऊन खोकल्याच्या औषधाची बाटली आणली आणि माझ्यासमोर दोन चमचे पाजले. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग गोदामात वजनकाट्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. "घ्यायलाच पाहिजे का बाई?" म्हणाला.

"घ्यायलाच पाहिजे. आठ दिवस. दांडी मारायची नाही."

प्याला बापडा. तासाभराने मिरीचं एक दमट पोतं निघालं तर पुन्हा खोकला. औषध काही लागू पडलेलं नाही. देवाने केलं ते बरंच केलं, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

२६ जानेवारी

आज माझा तोल गेला.

चहा घेताना सून म्हणाली, "आई, परीक्षेला मी बसले तर? मला शिकायचंय सगळं."

आणि हे लगेच, जसं काही ठरवूनच आले होते, "खरंच की. नव्या माणसांना पुढे करावं. तू किती दिवस पोत्यांत उभी राहणार?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे ही मागे उभी राहून बडबडायची ती शिकण्यासाठी! चार पोती हुंगली नाहीत तोच माझ्या खुर्चीवर डोळा. म्हटलं, "बाई गं, माझं नाक अजून शाबूत आहे. तुझं मधे खुपसू नकोस. मी मेल्यावर बस परीक्षेला."

मेल्यावर हा शब्द जरा जास्तच झाला. तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरले. कप उचलून आत गेली.

"अगं, तिचं ऐकून तरी घ्यायचंस," हे म्हणाले.

"तुम्ही तिच्याच बाजूचे!"

"बाजू कसली आलीय? एकाच घरात राहतो आपण," म्हणाले आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसले, तिथे गॅसवर काही नव्हतं तरी.

इतकी वर्षं जिला लेकीसारखी वागवली, तिनेच असं करावं. मला नुसतं रडू येतंय.

२८ जानेवारी

सुनेने अबोला धरलाय. धरू दे. मीही काही कमी नाही. पण धंद्याच्या वेळी तरी बडबडायला काय होतं हिला! आज धण्यांच्या ढिगापाशी मी ओंजळ नाकाशी धरून उभी, मुकादम ट्रकवाल्याशी वाद घालायला बाहेर गेलेला, आणि ही मुकाट. किती वेळ डोळे मिटून उभी राहणार माणूस? शेवटी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जुने आहेत."

माझ्याशी बोलली नाही, भिंतीशी बोलली. पण उपयोग झाला. मीही भिंतीलाच सांगितलं, "माहीत आहे."

३१ जानेवारी

काय झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

त्या परदेशी व्यापाऱ्याला पाठवायचं जिरं आज आलं. एका शेतकऱ्याचा सगळ्यात चांगला माल, आम्ही दरवर्षी त्याचाच घेतो. ह्यांनी छाप आणि काळ्या रंगाचा डबा दाराशी आणून ठेवलेला. मी पहिल्या पोत्यातलं जिरं चोळलं, नाकाशी नेलं. मुकादम खोकला. मी म्हटलं, बाजूला काढा. दुसरं पोतं, खोकला. बाजूला. तिसरं, पुन्हा. शेतकऱ्याचा गाडीवाला माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "काय झालंय काय ह्या वर्षी? सगळंच्या सगळं कुबट!"

"आई, चांगलं आहे हो हे," सून म्हणाली. ह्या वेळी भिंतीला नाही, मला.

"तू गप्प बस."

चौथं पोतं. मुकादम तोंडावर हात दाबून उभा, डोळ्यांत पाणी, चेहरा मिरचीसारखा. आणि तो दाबलेला खोकला असा काही फुटला की पोत्यावरची मांजर उडून पळाली. मी म्हटलं, "हेही काढा."

तर हा दोन्ही हात हलवत, खोकत खोकत ओरडला, "बाई, थांबा! आज खरा खोकला आहे!"

गोदामात सगळे थिजले. सून मुकादमाकडे असं बघत होती की त्याला कच्चा खाईल. त्याने टोपी काढून हातात घेतली.

मी विचारलं, "आज खरा, म्हणजे?"

मुकादम हातातली टोपी फिरवत राहिला.

"म्हणजे एरवीचा कसला?"

"आई," सून म्हणाली, "घरी चला ना, घरी बोलू."

"इथेच सांग. कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तुमचा ताप उतरला त्याच आठवड्यात. दूध पार करपलेलं होतं, सगळं घर करपट वासाने भरलेलं, आणि तुम्ही कप भरून हसत हसत माझ्या हातात दिलात."

काहीतरी बोलायचं म्हणून मुकादमाला विचारलं, "मग ते औषध?"

"प्यालो बाई, सगळी बाटली. गोड होतं."

माझ्या मुठीत जिरं तसंच होतं. ते पोत्यात टाकलं आणि घरी आले.

१ फेब्रुवारी

गोदामात गेले नाही. डब्या उघडल्या नाहीत.

काल संताप होता. सगळ्यांनी मिळून मला खेळवलं, असं वाटत होतं. मी समजत होते मी पडद्यामागे आहे, आणि सगळं घर पडद्याच्या माझ्याच बाजूला बसलेलं! आज सकाळी संताप उतरला आणि लाज चढली. त्या पोरीला काय काय बोलले मी.

दुपारी हे आले. सवयीने स्टूल घेऊनच आले, माझ्याजवळ टाकून बसले.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग फार दिवस झाले, आणि मग तोंड उघडायची चोरी झाली." स्टूल जरा जवळ ओढलं. "आणि तू ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटतेस ना, तेव्हा तुझा चेहरा असा काही असतो... कुणाची छाती नाही झाली. मुकादम तर म्हणाला, मी खोकत राहीन हवं तर जन्मभर."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि मधेच मुकादमाची ती बाटली आठवून हसायला आलं. ह्यांना कळेना की रुमाल द्यावा की पाणी.

२ फेब्रुवारी

सासूने माफी कशी मागायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. सून भांडी पुसत होती. मी शेजारी उभी राहून एक ताट पुसलं, दुसरं पुसलं, तिसरं पुसल्यावर म्हटलं, "परीक्षेला तूच बस."

ती म्हणाली, "मला तुमची खुर्ची नको होती हो आई. तुम्हाला तिथे एकटीला बसवतील, त्याची भीती वाटत होती."

"कळलं मला. उशिरा कळलं. मेल्याबिल्याचं मनावर घेऊ नकोस."

"घेतलंय मनावर," ती म्हणाली. "तुम्ही आधी मला सगळं शिकवायचं, मग मरायचं बघू." आणि मग आम्ही दोघी हसलो.

पण गोष्ट एवढी सोपी नाही. हे कार्यालयात विचारून आलेत. परीक्षक बदलता येतो, मात्र ज्याचं नाव आधी दिलंय त्याने स्वतः येऊन कारण सांगायचं. कारण पटलं नाही तर अख्खा अर्ज रद्द. आता कारण सांगायचं तर बाई विचारणारच की मग इतके महिने माल पारखला कुणी. ह्यांनी "प्रकृतीच्या कारणास्तव" असं मोघम लिहायचं ठरवलंय. मोघम लिहिण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही.

७ फेब्रुवारी

रोज शिकवणी चालू आहे. जेवणाचं टेबल भरून पेले. मी मांडते, झाकते, सुनेचे डोळे बांधते. नुसतं "जिरं" म्हटलेलं मला चालत नाही. "कसलं जिरं? कधीचं? शब्दांत सांग." ती म्हणते, "आई, आधी थंड वाटतं, मग मागून माती भिजल्यासारखं." मी म्हणते, मग ते दमट आहे, वरून वाळवलंय. बघते तर तसंच असतं.

ती असं सांगत गेली की मला तो वास आठवतो. नाकात नाही येत, डोक्यात कुठेतरी येतो. पण येतो. किती दिवसांनी मला त्या मालाजवळ उभं राहून आनंद झाला.

लवंग आणि दालचिनी जुनी झाली की अजून गोंधळते. मुकादमाचं मत, "सूनबाईंचं नाक चांगलं आहे, पण घाई आहे." खरा खोकला बरा झालाय त्याचा. दुसरी बाटली कामी आली म्हणायची.

१२ फेब्रुवारी

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. लोखंडी कपाटं, टेबलावर काच, काचेखाली कुणाच्या तरी मुलांचे फोटो. आतल्या टेबलावर दहा पेले ओळीत मांडलेले, प्रत्येकावर बशी. सून माझ्याशेजारी बसलेली. हे आणि मुकादम बाहेर बाकावर.

तपासनीस बाईंनी ह्यांचा कागद वाचला. "प्रकृतीच्या कारणास्तव. काय होतंय तुम्हाला?"

गुडघे, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. माझ्या वयाच्या बाईचे गुडघे दुखतात यावर कुणीही विश्वास ठेवतं. मी त्या पेल्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. ही पोर नाव लावणार, आयुष्यभर त्या नावाने माल जाणार, आणि त्याची सुरुवात माझ्या गुडघ्यांनी?

म्हटलं, "मला वास येत नाही. सप्टेंबरपासून येत नाही."

बाईंचं पेन थांबलं. "मग सप्टेंबरपासून माल कोण पारखत होतं?"

"ही. आणि आमचा मुकादम. हुकूम माझा, नाक त्यांचं. एकही पोतं परत आलेलं नाही, पण मी लपवलं हे खरं आहे. ह्या दोघांवर राग धरू नका."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. ह्यांचा छाप, तो रंगाचा डबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. वाटलं, बुडवलं मी आज घर.

"अर्ज मी आत्ता रद्द करू शकते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ह्या खुर्चीत बसून हे कुणी मला सांगितलेलं नाही अजून. त्यांना परीक्षा देऊ दे. निकाल बघून ठरवते."

मी बाहेर बाकावर. काय झालं ते सांगितलं तर ह्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून ठेवला, चारचौघांत. किती वेळ गेला माहीत नाही. सून बाहेर आली ती रडवेलीच. "आई, दोन चुकले. लवंग जुनी होती, मी ताजी म्हटलं, मागून लक्षात आलं. दालचिनीचं तर विचारूच नका. आणि दहाव्याचं मला काहीच सांगता आलं नाही."

दोन आणि एक तीन. म्हणजे सात. गेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे. पुढच्या वर्षी." ह्यांनीही तेच म्हटलं. कसं म्हटलं त्यांचं त्यांना माहीत.

तेवढ्यात बाई दारात आल्या. "आठ बरोबर. आत या, सह्या करायच्या आहेत."

"आठ कसे?" सून म्हणाली. "दहाव्यात मला काहीच आलं नाही."

"दहाव्यात काही नसतंच," बाई म्हणाल्या. "दहावा पेला रिकामा ठेवतो आम्ही. जाणती जाणती माणसं तिथे वेलदोडा सांगतात, मिरी सांगतात. वास येत नाही म्हणायची लाज वाटते त्यांना."

सह्या झाल्या, शिक्के बसले. जिना उतरताना मी सुनेला विचारलं, "तुला कसं सुचलं गं खरं सांगायचं?"

"सुचलं नाही. वेलदोडा म्हणणारच होते, तोंडात आलं होतं. मग तुम्ही मघाशी तिथेच बसून सांगितलंत ना, तेच शब्द आले. मला वास येत नाही, म्हटलं."

कठड्याला धरून उभी राहिले. हे घाबरले, मुकादम पाणी आणायला धावला. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे तो एक पेला मलाही जमला असता की!"

आधी सून फुटली. मग मी. मग हे कठड्यावर डोकं टेकून इतके हसले की चष्मा पडला. मुकादम पाणी घेऊन आला, त्याला काय झालं ते माहीत नव्हतं, पण तोही हसायला लागला. वरून शिपाई डोकावला. "इथे परीक्षा चालू आहेत. हसायचं असेल तर खाली जाऊन हसा."

मग आम्ही खाली जाऊन हसलो.